खासगी बेट, कबाना, स्टिंग्रे आणि जहाजाचं घड्याळ

प्रश्न थोडक्यात असा: जुलैच्या पहिल्या आठवड्यात मायामीहून निघणारी सात रात्रींची पश्चिम कॅरिबियन क्रूझ. वाटेत बहामाजमधलं क्रूझ कंपनीचं खासगी बेट, मग ग्रँड केमन, रोआतान आणि मेक्सिकोचं कोझुमेल. माणसं आठ: दोन जोडपी, तीन मुलं आणि गुडघे दुखणारे एक आजोबा. विचारलंय की खासगी बेटावर कबाना (किनाऱ्यावरचा भाड्याचा सावलीचा मांडव) घ्यावा का, जहाजावरचं जेवण तिकिटातच असताना बेटांवर बाहेर खाण्यात अर्थ आहे का, आणि मुलांना डुकरांबरोबर पोहायचंय, स्टिंग्रेला, म्हणजे पाकट माशाला, हात लावायचाय, झाडाला लटकणारा संथ स्लॉथ कडेवर घ्यायचाय, ते कसं जमवावं.

मी बरीच वर्षं जहाजावर शोर एक्सकर्शनच्या, म्हणजे बंदरावरच्या सहली विकणाऱ्या, टेबलामागे होतो, आता लोकांच्या क्रूझ आखून देतो. त्या टेबलापाशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पैसे कमी पडलेले नसायचे, तास कमी पडलेले असायचे. म्हणून कबाना, जेवण, प्राणी या सगळ्याच्या आधी तास मोजू.

कार्यक्रमपत्रिकेवर 'सकाळी 8 ते संध्याकाळी 5' लिहिलेलं असतं. हे नऊ तास तुमचे नसतात. जहाज धक्क्याला लागल्यावर स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत कोणालाच उतरता येत नाही, आणि मिळाली की सगळं जहाज एकदम उतरायला धावतं. संध्याकाळी 'ऑल अबोर्ड'ची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतायची, वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. धक्क्यापासून गेटपर्यंतचं चालणं, टॅक्सीची रांग, परतताना सुरक्षा तपासणीची रांग हे सगळं वजा केलं की हातात सहा-साडेसहा तास उरतात. आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर पाचच धरा. एवढ्या वेळात एका बेटावर एकच मोठी गोष्ट नीट होते. सकाळी स्टिंग्रे, दुपारी बीच, मग बाजार असा बेत कागदावर बसतो, पण प्रत्यक्षात तो दिवस व्हॅनमध्ये बसण्यात जातो.

त्यातच तुमच्या मार्गावर घड्याळाची एक गंमत आहे, आणि जुलैत ती चांगलीच महागात पडू शकते. उन्हाळ्यात मायामीची घड्याळं एक तास पुढे असतात. बहामाजही तसंच करतं, त्यामुळे तिथे प्रश्न नाही. ग्रँड केमन आणि कोझुमेल मात्र वर्षभर आपली घड्याळं हलवत नाहीत, म्हणून जुलैत ती मायामीच्या एक तास मागे असतात. रोआतान होंडुरासचं आहे, ते दोन तास मागे. काही जहाजं स्थानिक वेळेप्रमाणे घड्याळ बदलतात, काही पूर्ण प्रवासभर मायामीचीच वेळ ठेवतात. तुमचं जहाज दुसऱ्या प्रकारचं असेल तर रोआतानच्या किनाऱ्यावर फोन अडीच वाजल्याचं दाखवेल तेव्हा जहाजावर साडेचार वाजलेले असतील. फोन टॉवर पकडला की आपोआप वेळ बदलतो आणि माणूस निवांत आणखी एक शहाळं मागवतो. म्हणून घरातल्या एकाच्या तरी मनगटावर साधं, इंटरनेटशी संबंध नसलेलं घड्याळ हवं, जहाजातून उतरताना जहाजाच्या वेळेशी जुळवलेलं. बाहेरच्या टॅक्सीवाल्याशी किंवा बोटवाल्याशी वेळ ठरवताना 'जहाजाची की इथली' हे दोन्ही बाजूंनी मोठ्यानं बोलून घ्या.

जहाजाची सहल घ्यावी की बाहेरची, हा प्रश्न यालाच जोडलेला आहे. जहाजाकडून घेतलेली सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोहोचवायची जबाबदारी घेतं. बाहेरून घेतलेल्या सहलीसाठी कोणी थांबत नाही. माझा हिशेब साधा आहे: बंदरापासून वीस-पंचवीस मिनिटांच्या आत असलेल्या गोष्टी बाहेरून घ्याव्यात, स्वस्त पडतात आणि गर्दी कमी असते, त्यापलीकडचं, विशेषतः बोटीनं जायचं असेल तर जहाजाकडून. तुमच्या मार्गात ग्रँड केमनसाठी जहाजाची सहल घ्या, कोझुमेलला बाहेरची चालेल.

ग्रँड केमनसाठी असं का, तर तिथल्या जॉर्ज टाउन बंदराला मोठ्या क्रूझ जहाजांसाठी धक्काच नाही. जहाज खोल पाण्यात नांगर टाकतं आणि लहान टेंडर बोटींतून माणसं किनाऱ्यावर नेतात. टेंडरसाठी नंबर मिळतो, आणि जहाजाची सहल घेतलेल्यांना आधी सोडतात. एकाच दिवशी तीन-चार जहाजं आली की परतीच्या टेंडरची रांग भर उन्हात लांबते. आजोबांसाठी हे आधीच समजून घ्या: जहाजाचं दार आणि टेंडर दोन्ही हलत असतात, मधलं पाऊल स्वतःच्या पायानं टाकावं लागतं. खलाशी दोन्ही बाजूंनी धरतात, पण लाट मोठी असेल तर चालायला त्रास असलेल्या प्रवाशाला ते थांबवू शकतात, आणि त्यांचं ऐकावं. आजोबांना तो दिवस जहाजावरच घालवायचा असेल तर आग्रह करू नका. सगळे उतरल्यावर रिकाम्या झालेल्या जहाजाचा पोहण्याचा तलाव आणि निवांत डेक हे सुख वेगळंच आहे.

आता खासगी बेट. बहामाजमध्ये जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीचं एखादं बेट आहे. याची सुरुवात नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीनं 1977 मध्ये ग्रेट स्टिरप के ('के' किंवा 'की' म्हणजे छोटं बेट) घेऊन केली. त्याच्या शेजारचंच लिटल स्टिरप के म्हणजे रॉयल कॅरिबियनचं कोकोके, 2019 मध्ये वॉटरपार्क आणि मोठ्या तलावासह नव्यानं उघडलेलं. डिस्नेचं कॅस्टवे के 1998 पासून आहे. एमएससीचं ओशन के पूर्वी वाळू उपसण्याचं औद्योगिक ठिकाण होतं, साफसफाई करून तेही 2019 मध्ये सुरू झालं. कार्निव्हलचं सेलिब्रेशन की तर जुलै 2025 चं, ग्रँड बहामावर. ही सगळी बेटं एकसारखी नाहीत. कोकोके गजबजलेलं, मुलांच्या उड्यांचं. ओशन के मोकळं आणि शांत. तुमचं नक्की कोणतं हे प्रश्नात नाही, पण खालचं बरंचसं सगळीकडे लागू पडतं.

कबाना म्हणजे छप्पर, पडदे, आरामखुर्च्या, गादीचा कोच, थंड पाण्याची पेटी आणि वर हवं-नको बघणारा एक माणूस. काही ठिकाणी स्नॉर्केलचं साहित्य आणि पाण्यावर तरंगायच्या गाद्याही त्यातच येतात. भाडं माणशी नसतं, कबानामागे असतं, आणि ते बेट, तारीख आणि जागेप्रमाणे काहीशे डॉलरपासून पाण्यावरच्या कबानांसाठी चार आकड्यांपर्यंत जातं. आत साधारण सहा किंवा आठ जणांची मर्यादा असते. तुम्ही आठ आहात, म्हणून मर्यादा सहाची असेल तर वरच्या दोघांचे किती, हे पैसे भरण्याआधी बघा.

घ्यावा का? लोक इथे चुकीचा प्रश्न विचारतात. ते एकूण भाड्याला आठनं भागतात आणि 'माणशी फार नाही' म्हणतात. भागायचं असतं ते कबानात प्रत्यक्ष बसणाऱ्या माणसांनी. मुलं वॉटरपार्कमध्ये किंवा लाटांत असणार, त्यांचे आईबाप त्यांच्या मागे. कबानात दिवसभर बसणार ते आजोबा आणि त्यांच्याजवळ आळीपाळीनं एखादा मोठा माणूस. दोन माणसांसाठी एवढे पैसे मी खर्च करणार नाही. त्याऐवजी छत्री आणि दोन खुर्च्या भाड्यानं घ्या, किंवा सकाळी पहिल्या अर्ध्या तासात उतरून झाडाखालच्या फुकटच्या खुर्च्या पकडा. मोफत खुर्च्या सगळ्याच बेटांवर भरपूर असतात, कमी असते ती सावली, आणि ती दहाच्या आत संपते.

तरीही दोन कारणांनी मी कबाना घ्या म्हणेन. एक, बरोबर तान्हं बाळ किंवा उन्हाचा खरोखर त्रास होणारं माणूस असेल. दुसरं, दोन कुटुंबांना दिवसभर एकत्र बसून गप्पाच मारायच्या असतील आणि पाण्यात कोणी फारसं जाणार नसेल. तसं असेल तर कबाना निवडताना 'अगदी समुद्रासमोर' या शब्दांवर भाळू नका. बेटाचा नकाशा उघडा आणि तीन गोष्टी मोजा: स्वच्छतागृह किती लांब, जेवणाची जागा किती लांब, ट्रॅमचा थांबा किती लांब. आजोबांसाठी समुद्राच्या दर्शनापेक्षा ट्रॅमचा थांबा मोलाचा. मग बघा, कबानाचं तोंड कुठे आहे. जुलैत बहामाजमध्ये सूर्य मध्यान्ही जवळजवळ थेट डोक्यावर येतो, आणि तिथली मध्यान्ह घड्याळात साधारण सव्वा वाजता होते. त्या वेळी कुठलंही छप्पर पुरतं. त्रास होतो तीननंतर, जेव्हा पश्चिमेकडे तोंड असलेल्या कबानात ऊन आडवं घुसतं आणि पडदे ओढून बसावं लागतं. मग समुद्रासमोरच्या जागेचे पैसे पडद्यासमोर बसून वसूल होतात. संगीताच्या स्टेजपासूनही लांब राहा. दिवसभर स्टील ड्रम ऐकून कोणाचंही डोकं उठतं, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

आरक्षणाबद्दल एकच सांगतो. कबाना लवकर संपतात, बऱ्याच कंपन्या जुन्या ग्राहकांना आधी देतात, म्हणून बुकिंग उघडलं की घ्या. पण घेऊन विसरू नका. भाव विमानाच्या तिकिटासारखे वरखाली होतात, आणि निघायच्या आधी ठरावीक मुदतीपर्यंत रद्द करून स्वस्तात पुन्हा घेता येतो. जहाज त्या बेटावर थांबलंच नाही तर पैसे परत मिळतात.

आजोबांसाठी आणखी एक: बहुतेक खासगी बेटांवर वाळूत चालणाऱ्या जाड चाकांच्या व्हीलचेअर मोफत असतात, पण संख्या कमी. उतरल्या उतरल्या मागा.

जेवणाकडे येऊ. खासगी बेटावरचं दुपारचं जेवण बहुतेक तिकिटातच असतं: बार्बेक्यू, बर्गर, कणीस, सॅलड, फळं, शाकाहारी बर्गर. एखाद-दुसरं हॉटेल वेगळे पैसे घेतं, फलकावर तसं लिहिलेलं असतं. बारा ते एक ही वेळ टाळा. शक्यतो अकराला, स्वयंपाकघर उघडतं तेव्हाच जेवा. मुलांना पोहून तोवर भूक लागलेलीच असते. पेयांचं पॅकेज जहाजावर घेतलं असेल तर ते बेटावर चालतं की नाही हे कंपनीगणिक वेगळं आहे, आणि नियम बदलतातही, तेवढं निघण्यापूर्वी तपासा.

जहाजावर पहिल्या दिवशी दुपारी सगळे बफेवर तुटून पडतात. तेव्हा मुख्य भोजनगृह किंवा एखादं छोटं कॅफे उघडं आहे का विचारा, बहुतेक असतं आणि रिकामं असतं. बंदराच्या दिवशी सकाळी साडेसात ते नऊ बफेत तीच गत, म्हणून लवकर उतरायचं असेल तर आदल्या रात्री केबिनमध्ये नाश्ता मागवून ठेवा. शाकाहारी किंवा काही वर्ज्य असणाऱ्यांनी पहिल्याच रात्री हेड वेटरला भेटावं. दुसऱ्या दिवशीचा मेनू तो आदल्या संध्याकाळी दाखवतो, आणि आधी सांगितलं तर मेनूवर नसलेलं गरम जेवण करून मिळतं. आयत्या वेळी सांगितलं तर उकडलेल्या भाज्या मिळतात. आणि हात साबणानं धुवा. जहाजांवर पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर दारातल्या सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही, साबण-पाण्याचा होतो.

जहाजावरून सफरचंद, सँडविच बांधून बेटावर नेता येत नाही. शेतीला रोगांपासून वाचवण्याचे ते कायदे आहेत आणि गेटवर पिशव्या बघतात. बंद पाकिटातली बिस्किटं चालतात. मुलांसाठी तेवढं आणि पाण्याच्या बाटल्या घ्या.

मग बेटांवर बाहेर खावं का? खासगी बेटावर प्रश्नच नाही. बाकी तिन्हीकडे खावं, आणि जहाजावर फुकट आहे म्हणून परत येऊन जेवणं हा सगळ्यात महागडा काटकसरीचा प्रकार आहे, कारण त्यात दिवसाचा मधला दीड तास जातो. मात्र बंदराच्या आवारातली, मोठ्यानं गाणी लावलेली हॉटेलं टाळा.

रोआतानला बालेयादा शोधा: मैद्याची गरम जाड पोळी, आत कुस्करलेले लाल घेवडे, चीज आणि क्रीम. मांस न घालता मागितली की शाकाहारी पोटभर जेवतात, मुलंही कुरकुर न करता खातात. या बेटावर गारिफुना समाज राहतो. ब्रिटिशांनी 1797 मध्ये सेंट व्हिन्सेंटहून हद्दपार केलेली माणसं इथे आणून सोडली, त्यांचे हे वंशज. त्यांचं नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण आणि ठेचलेल्या कच्च्या केळ्यांचा माचुका मिळाला तर सोडू नका. कोझुमेलला कोचिनिता पिबिल, म्हणजे आंबट संत्र्याच्या रसात मुरवून केळीच्या पानात गुंडाळून शिजवलेलं डुकराचं मांस, ही युकातानची खरी ओळख. ते सकाळीच संपतं, म्हणून बंदरापासून दोन-चार गल्ल्या आत गावात जाऊन उतरल्या उतरल्या खा. ज्यांना चालत नाही त्यांनी भाज्या आणि चीजचे टाको घ्यावेत, पण घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, विचारून घ्या.

ग्रँड केमनला मेनूकार्ड बघताना जरा थांबा. तिथे भाव बऱ्याचदा केमन डॉलरमध्ये असतात आणि एक केमन डॉलर म्हणजे 1.20 अमेरिकी डॉलर. दुकानात हिशेब बहुधा 1.25 नं होतो. म्हणजे स्वस्त वाटलेलं जेवण बिल येईपर्यंत चतुर्थांशानं वाढलेलं असतं. बाकी दोन बेटांवर सुट्टे अमेरिकी डॉलर, एक आणि पाचच्या नोटा, सहज चालतात.

मासे खाणाऱ्यांसाठी एक गंभीर सूचना. प्रवाळखडकांवर राहणाऱ्या मोठ्या शिकारी माशांत, विशेषतः बॅराकुडात आणि काही वेळा मोठ्या ग्रुपर-स्नॅपरमध्ये, सिग्वातेरा ही विषबाधा करणारं विष साठतं. ते शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, वासानं-चवीनं कळत नाही. बॅराकुडा खाऊच नका. माहीमाही किंवा टूना हे खुल्या समुद्रातले मासे निवडलेले बरे. बहामाजमध्ये कोंक या मोठ्या शंखातल्या प्राण्याचं कच्चं सॅलड लोकप्रिय आहे. लिंबानं ते शिजल्यासारखं दिसतं, शिजत नाही. तळलेलं कोंक घ्या, आजोबांना आणि मुलांना कच्चं नको. आणि जुलैत कोणी 'आजच पकडलेला' म्हणून बहामाजचा लॉबस्टर विकत असेल तर हसून पुढे जा: 1 एप्रिल ते 31 जुलै तिथे लॉबस्टर पकडायला बंदी असते.

आता मुलांचा प्रश्न, म्हणजे प्राणी.

पोहणाऱ्या डुकरांचं मूळ ठिकाण एक्झुमा बेटांतलं बिग मेजर के. तिकडे साधारणपणे नासाऊहून वेगवान बोटीनं जातात, तुमच्या मार्गावर ते नाही. आता बहामाजमध्ये ठिकठिकाणी पर्यटकांसाठी डुकरं आणून ठेवली आहेत, त्यातलं एखादं तुमच्या खासगी बेटाच्या सहलींच्या यादीत दिसू शकेल. मी घेणार नाही. ही माणसांच्या हातून खाऊन सोकावलेली मोठी जनावरं आहेत, खायला दिसलं की अंगावर येतात आणि चावतात, खाणाऱ्या तोंडाची उंची नेमकी लहान मुलांच्या पोटापाशी येते. वाळूत टाकलेलं खाणं खाऊन त्यांच्या पोटात वाळू जाते. 2017 मध्ये एक्झुमात काही डुकरं मेली तेव्हा तपासात तेच पुढे आलं. शिवाय अर्धा दिवस जातो, वीस मिनिटांच्या फोटोसाठी.

स्टिंग्रे मात्र जरूर बघा. ग्रँड केमनच्या नॉर्थ साउंडमधल्या वाळूच्या उथळ पट्ट्यावर पूर्वी कोळी मासे साफ करून टाकाऊ भाग पाण्यात टाकायचे, त्यावर ही पाकटं जमू लागली आणि पुढे त्याचंच स्टिंग्रे सिटी झालं. पाणी मोठ्या माणसाच्या कमरेएवढं, बहुतेक वेळा काचेसारखं स्वच्छ. पाकटं स्वतःहून येतात आणि पायांना घासून जातात, ओल्या मखमलीचा स्पर्श. शेपटीचा काटा त्यांना असतोच, तो काढलेला नसतो, पण ती हल्ला करायला येत नाहीत. धोका एवढाच की वाळूत दडलेल्या पाकटावर पाय पडला तर. म्हणून पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूवर घसटत न्या. पाकट पाण्याबाहेर उचलणं तिथल्या नियमांत बसत नाही. एखादा नावाडी फोटोसाठी उचलून देऊ लागला तर नाही म्हणा. मुलांना हेही सांगा की जंगली पाकट मूळचं रात्री एकटं फिरणारं. रोज खायला मिळाल्यामुळे इथली पाकटं दिवसा आणि घोळक्यानं वावरायला लागली आहेत. म्हणजे आपण बघतो ते पूर्ण नैसर्गिक नाही, हे कळून बघावं. जहाजाकडे एकाहून जास्त वेळांची सहल असेल तर सगळ्यात पहिली घ्या. अकरानंतर त्या पट्ट्यावर पाकटांपेक्षा माणसं जास्त होतात.

ग्रँड केमनला पाण्यात न उतरणाऱ्यांसाठी निळे इग्वाना, म्हणजे मोठे सरडे, आहेत. जगात फक्त याच बेटाचे. 2002 च्या सुमारास रानात पंचवीसहूनही कमी उरले होते; पैदास करून सोडल्यामुळे 2018 पर्यंत त्यांची संख्या हजाराच्या वर गेली. क्वीन एलिझाबेथ दुसरी बोटॅनिक पार्कमध्ये ते मोकळे फिरताना दिसतात. बंदराजवळ झाडावर हिरवे इग्वाना दिसले तर ते बाहेरून आलेले उपद्रवी. 2018 पासून तिथे त्यांना मारण्याची सरकारी मोहीम झाली आणि मारलेल्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली. एकाच बेटावर एका इग्वानाला वाचवतात आणि दुसऱ्याला मारतात, हे मुलांना समजावणं हा तुमचा गृहपाठ.

स्लॉथबद्दल मात्र मुलांची निराशा करावी लागेल. स्लॉथ रोआतानचा प्राणीच नाही. होंडुरासच्या मुख्य भूमीवरून आणून ते तिथे ठेवले आहेत, आणि एकामागून एक येणाऱ्या पर्यटकांच्या गळ्यात अडकवले जातात. त्याच्या चेहऱ्याची ठेवणच हसऱ्यासारखी आहे, म्हणून तो खूश असल्यासारखा फोटोत येतो. घाबरला तरी तो ओरडत नाही, पळत नाही, नुसता गोठतो. स्लॉथ ज्या देशात खरोखर रानात आहेत त्या कोस्टा रिकाच्या सरकारनं 2019 मध्ये वन्य प्राण्यांना धरून काढलेल्या सेल्फींविरुद्ध मोहीमच काढली होती. स्लॉथ बघायचाच असेल तर कधी तरी कोस्टा रिकातल्या लिमोन बंदराला थांबणारी क्रूझ घ्या, तिथे तो झाडावर, त्याच्या जागी दिसतो.

रोआतानचे स्वतःचे प्राणी वेगळे आहेत आणि त्यांची जाहिरात कोणी करत नाही. काटेरी शेपटीचा इग्वाना आणि सशाएवढा, उंदराच्या कुळातला अगूती, दोन्ही फक्त या बेटाचे, दोन्ही संकटात. आणि पाण्याखाली तर मेसोअमेरिकन प्रवाळरांगेचाच भाग. वेस्ट बे बीचच्या पश्चिम टोकाला किनाऱ्यावरून पोहतच प्रवाळापर्यंत जाता येतं, बोट लागत नाही. माझ्या मते तुमच्या पूर्ण प्रवासातला मुलांसाठीचा सर्वांत चांगला तास तिथे आहे: पोपटमासे प्रवाळ कुरतडताना त्यांच्या दातांचा आवाज पाण्यात ऐकू येतो. पाय कुठेही टेकवू नका, प्रवाळावर तर नाहीच. पिवळसर तपकिरी 'फायर कोरल'ला नुसता हात लागला तरी आग होते. वाळूवर बसलात की बारीक चावऱ्या माश्या असतात, दिसत नाहीत पण रात्री पाय खाजून झोप लागत नाही. त्यासाठी मलम आधीच लावा.

कोझुमेलला पश्चिम किनारा शांत, पूर्व किनाऱ्यावर लाटा आणि ओढ. मुलांना घेऊन पूर्वेला फक्त बघायला जा. पश्चिमेच्या एखाद्या बीच क्लबचा डे पास घेतलात तर तुमच्या मंडळींना खासगी बेटावरच्या कबानाहून जास्त सुख कमी पैशांत मिळेल: सावली, तलाव, जेवण, स्वच्छतागृह एकाच जागी. काहींत माणसांची संख्या मर्यादित ठेवतात, तेच निवडा. उथळ पाण्यातल्या तारामाशांना वर उचलून फोटो काढू नका, पाण्याबाहेर त्यांचा जीव जातो. टेबलाशी येऊन मागणारं छोटं रॅकून दिसलं तर तेही खास तिथलंच, जगात दुसरीकडे नसलेलं आणि अत्यंत धोक्यात आलेलं. त्याला चिप्स देऊ नका.

सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे शर्ट घ्या. सनस्क्रीन लावायचंच तर झिंक ऑक्साइडवालं. कोझुमेलच्या सागरी उद्यानात साधं चालत नाही, आणि प्रवाळाला घातक समजली जाणारी रसायनं यूएस व्हर्जिन बेटांनी 2020 मध्ये कायद्यानंच बंद केली. किनाऱ्यावरची छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं खाली पडलेली दिसली तर हात लावू नका. मॅन्चिनीलचं झाड असू शकतं. फळ विषारी, चीक कातडी जाळतो, आणि पावसात त्याखाली उभं राहिलं तरी फोड येतात.

जहाजावरही प्राणी दिसतात, फुकट. समुद्राच्या दिवशी सकाळी लवकर पुढच्या भागातल्या उघड्या डेकवर जा. जहाजाच्या धक्क्यानं उडते मासे पाण्यातून सुटतात आणि बूबी पक्षी जहाजाला समांतर तरंगत त्यांच्यावर सूर मारतात. दुर्बीण असेल तर मुलं तासभर हलणार नाहीत.

शेवटचं, महिन्याबद्दल. जुलैत सरगॅसम हे तपकिरी शेवाळ भरात असतं. ते पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर साचतं. कोझुमेलचा पश्चिम किनारा आणि वेस्ट बे बहुधा बचावतात. वादळांचा हंगाम 1 जूनपासून 30 नोव्हेंबरपर्यंत. जुलैची सुरुवात एरवी शांत असते, पण 2024 मध्ये नेमक्या त्याच आठवड्यात बेरिल हे पाचव्या श्रेणीपर्यंत पोहोचलेलं चक्रीवादळ जमैका, केमन करत युकातानला धडकलं आणि जहाजांचे मार्ग बदलले. कप्तान बंदर बदलू शकतो, करारात तसं लिहिलेलं असतं, आणि चुकलेल्या बंदराबद्दल फक्त तिथले बंदर-कर परत मिळतात. जहाजाकडून घेतलेल्या सहलींचे पैसे आपोआप खात्यात येतात. बाहेरून घेतलेल्या डे पासचे येतीलच असं नाही, म्हणून कोझुमेलचा पास 'जहाज न आल्यास पूर्ण परतावा' असं लेखी देणाऱ्याकडूनच घ्या. प्रवास विमा घेताना चुकलेल्या बंदराची भरपाई त्यात आहे का हे बघा, आणि विमा वादळाला नाव पडण्याआधी घ्या; नाव पडल्यावर घेतलेला विमा त्या वादळाला लागू होत नाही.